बारकीचा पेशंट

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मामांची शिंपी लोकांत मोठी ख्याती होती. कोणी मशीन आणून बाकावर ठेवलं आणि तक्रार सांगायला तोंड उघडलं, की मामा हात वर करून त्याला गप्प करत. चाकाला एक फेरा देत, मान तिरकी करत आणि म्हणत, "शटल घासतंय." किंवा, "तेल कधी घातलं होतं? लग्नात?" आत न बघता, नुसत्या आवाजावरून. शिंपी एकमेकांकडे बघत आणि मशीन ठेवून निघून जात.

गेली काही वर्षं मात्र मामा चाक फिरवत, मान तिरकी करत आणि मग मुकाट्याने झाकण उघडून आत डोकावत. दोष सापडायचाच, पण डोळ्यांना. हा फरक शिंप्यांना कळला नव्हता. मामांना कळला होता, पण तो त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरातही त्यांनी एक युक्ती काढली होती. मामी पाठमोऱ्या उभ्या राहून काही बोलल्या, की मामा "हो, हो" म्हणत. बहुतेक वेळा हो म्हटलेलं खपून जातं. एकदा मात्र मामींच्या थोरल्या बहिणीकडे आठवडाभर राहायला जायचं ते याच पद्धतीने कबूल करून बसले होते, आणि गेलेही होते.

याच घरात बारकी राहत होती. ती मामांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेज मामांच्या शहरात, म्हणून शिकायला इथे आलेली. आता ती मामांपेक्षा वीतभर उंच होती, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. ती कान तपासायचं शिकत होती. शेजारणी मामींना विचारायच्या, "डॉक्टर होणार का?" मामी म्हणायच्या, "नाही." "मग नर्स?" "तेही नाही." शेवटी कंटाळून मामींनीच बारकीला विचारलं, "तू नक्की होणार तरी कोण, एकदा नीट सांग बाई. मला लोकांना तोंड द्यावं लागतं."

"कोणाला किती ऐकू येतं ते मी मोजणार, मामी. आणि येत नसेल तर पुढे कसं निभवायचं ते शिकवणार."

"मग घरापासूनच सुरुवात कर. इथे माझं कोणी ऐकत नाही."

मामा हसले. सगळे हसले म्हणून.

मामांना त्या पोरीच्या अभ्यासाचं फार कौतुक होतं. तोंडावर बोलून दाखवायचा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता. जेवणाचं टेबल तिने व्यापलेलं असे. एकदा आंघोळीचा नवाकोरा साबण नाहीसा झाला आणि मामींनी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बारकीने ओशाळून तळहात पुढे केला. साबण कोरून तिने गोगलगायीच्या शंखासारखं काहीतरी केलं होतं. "मामी, हा आता आतला कान आहे." मामींनी त्या कानाला वास येतो का ते बघितलं आणि जुन्या साबणाने आंघोळ केली. मामा मात्र तो साबण हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. कानात हातोडी असते, ऐरण असते आणि रिकीब असते, आणि ही तिन्ही हाडं मशीनच्या सर्वांत लहान स्क्रूएवढीसुद्धा नसतात, हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे सगळं सामान आपल्याच धंद्यातलं की."

त्याहून मोठी गोष्ट तिने त्या वर्षी थंडीत केली. कॉलेजात सांगितलं होतं, की ऐकू न येणं म्हणजे काय ते पुस्तकातून कळत नाही. बाकीच्या मुलींनी तासभर कानात बोळे घालून बघितले आणि निबंध लिहिला. बारकी दोन दिवस कान बंद करून हिंडली. दुकानात गेली, बसमध्ये बसली, बँकेच्या खिडकीपाशी उभी राहिली. संध्याकाळी घरी आली ती डोळे लाल करून. "काही ऐकू येत नाही त्याचं एवढं वाटत नाही, मामा," ती बोळे न काढता मोठ्या आवाजात म्हणाली. "दुसऱ्यांदा विचारलं की लोक असे बघतात ना... मग मी विचारायचंच सोडलं. नुसती हो हो म्हणत सुटले."

मामांचा चहाचा कप हातातच राहिला.

त्या रात्री जेवतानाही बोळे तसेच होते, त्यामुळे ती गप्पांत नव्हती. ती सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती, मग हातांकडे, मग पुन्हा तोंडांकडे. आणि मध्येच तिची नजर मामांवर थांबली. मामाही नेमके मामींच्या तोंडाकडेच बघत होते. चोराच्या मनात चांदणं. मामांनी मान खाली घातली आणि ते पाणी प्यायले.

शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याने कधीही कान न तपासलेला एक माणूस आणायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर त्याची तपासणी करून दाखवायची, असं होतं. बारकी दुकानात आली. बाकासमोर, उजेडात, मामांना तोंड दिसेल अशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, माझे पेशंट व्हाल का?"

मामांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण एवढ्या वर्षांत या पोरीने त्यांच्याकडे साधा रुमालसुद्धा मागितला नव्हता. ते म्हणाले, "हो, हो." या वेळी ऐकून म्हणाले.

मग मामांना झोप लागेना. त्यांचा हिशेब सरळ होता. शिंप्याकडे दुरुस्त होऊन गेलेलं मशीन टाके सोडायला लागलं तर बोल मिस्त्रीला लागतो. तसं पेशंट नापास, तर विद्यार्थिनी नापास. आपले कान या वयात पोरीची चार वर्षं बुडवणार. तिला सांगून दुसरा कोणी बघ म्हणावं, तर झाकली मूठ उघडते. त्यांनी मनाशी ठरवलं, काहीही करू, पण बारकीला खाली बघायला लावणार नाही.

परीक्षेच्या दिवशी मामींनी त्यांना इस्त्रीचा शर्ट दिला. "कानच तपासणार आहेत ना? मग बाकी सगळा माणूस तरी नीट दिसू दे." आणि त्याही बरोबर निघाल्या.

तपासणीची खोली म्हणजे मोठ्या खोलीच्या आत बसवलेली एक छोटी पेटी होती. दार जाडजूड, भिंतींना मऊ खरबरीत स्पंज, एका बाजूला काचेची खिडकी. खिडकीपलीकडे यंत्र आणि त्यामागे बारकी, पांढरा कोट घालून. तिच्या मागे खुर्चीत परीक्षक बाई, केस पिकलेल्या, चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देणाऱ्या. बारकीने मामांना पेटीत बसवलं. समोर बसून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून तिने सांगितलं, "कानात टूं टूं असा आवाज येईल. कितीही बारीक आला तरी हे बटण दाबायचं. नुसती शंका आली तरी दाबायचं." लाल हेडफोन उजव्या कानावर, निळा डाव्या. मामांना वाटलं, ही आपली बारकी नव्हे. ही कोणी दुसरीच मोठी बाई आहे. त्यांचा ऊर भरून आला आणि भीती दुप्पट झाली.

पेशंटला तपासणाऱ्याचे हात दिसू नयेत म्हणून खुर्ची तिरकी ठेवलेली होती. बारकीने ती स्वतः नीट लावली होती. पण समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी एक पाटी होती, आणि पाटीला काच होती. चाळीस वर्षं शिंप्यांच्या हातापायांच्या हालचाली बघणाऱ्या माणसाला त्या काचेत एक पांढरं कोपर दिसलं. कोपर किंचित वर व्हायचं आणि मग कानात आवाज यायचा.

पहिले काही आवाज मामांना खरंच ऐकू आले. जाड, घुमणारे, मोठ्या चाकासारखे. मग ते बारीक होत गेले, आणि मग काहीच नाही. पण कोपर हललं. मामांनी बटण दाबलं. पुन्हा हललं, पुन्हा दाबलं. जमतंय की! मामांना इतकं हलकं वाटलं, की ते जवळजवळ हसले. कोपर, बटण. कोपर, बटण. आपल्या भाचीला पहिला नंबर देऊनच ते आज घरी जाणार होते.

मग कोपर बराच वेळ हललं नाही. मग हललं. मामांनी दाबलं. लगेच पुन्हा हललं. दाबलं. पुन्हा.

जाड दार उघडलं. बारकी आत आली, तिच्या मागे परीक्षक बाई. बारकीने हेडफोन हळूच काढले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मामा, शेवटच्या तीन वेळा मी आवाज दिलाच नव्हता."

 मामा उठून उभे राहिले, वायरीत अडकले आणि परीक्षक बाईंसमोर हात जोडून म्हणाले, "बाई, चूक माझी. कान माझे गेलेत, हिचा काही दोष नाही. हिला नापास करू नका. पाहिजे तर मला करा."

"तुमची परीक्षा नाही, त्यांची आहे," परीक्षक बाई म्हणाल्या आणि बारकीकडे वळल्या. "तुम्हाला कशावरून शंका आली?"

"मॅडम, एकदा माझं बोट बटणावर टेकायच्या आधीच त्यांनी दाबलं. मी आवाज द्यायच्या आधी त्यांना तो ऐकू आला."

परीक्षक बाईंची एक सुरकुती हलली. "असा कान मी पण पहिल्यांदाच बघतेय. वेळ थोडा उरलाय. आता काय करणार? आहे हा निकाल लिहून पुढे जाल?"

"नाही, मॅडम. तो खोटा आहे. मी परत पहिल्यापासून करते."

तिने मामांच्या खांद्यावरून समोर बघितलं, भिंतीवरची पाटी उतरवली आणि काच भिंतीकडे करून जमिनीवर ठेवली. मग एक स्टूल ओढलं आणि मामांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी समोर बसली. मागे परीक्षक उभ्या आहेत, घड्याळ चालू आहे, याची जणू तिला फिकीरच नव्हती.

"मामा, शिंपी मशीन आणतो आणि म्हणतो, सगळं ठीक चाललंय. तुम्ही काय करता?"

"मी त्याचं ऐकत नाही. चाक फिरवून बघतो."

"आणि मशीनच खोटं बोलायला लागलं तर?"

मामांनी हातातल्या बटणाकडे बघितलं.

"मग दुरुस्ती कशी करायची, सांगा ना," ती म्हणाली. "कान पास होत नाहीत आणि नापासही होत नाहीत. जे येतं तेवढंच सांगायचं. येत नसेल तर गप्प बसायचं. तेही मला सांगितल्यासारखंच आहे." मग आवाज जरा खाली आणून, पण ओठ नीट हलवत ती म्हणाली, "थंडीत मी कानात बोळे घालून बसले होते ना, तेव्हाच मला कळलं होतं. मी जशी बघत होते तसेच तुम्ही बघत होतात. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून मी थांबले. मीच आधी विचारायला हवं होतं."

तिने हेडफोन पुन्हा लावले आणि दार बंद झालं. मामांनी डोळे मिटून घेतले.

जाड आवाज आले, त्यांनी दाबलं. मग शांतता. शांतता लांबत गेली. आधी मामांना त्या शांततेची धडकी भरली. किती काय काय निघून गेलं आहे ते तिच्यात दिसत होतं. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की ही शांतता रिकामी नाही. काचेपलीकडे ती पोरगी बसली आहे आणि एकेक आवाज पाठवते आहे. हा नाही पोचला, जरा मोठा पाठवू. तोही नाही, अजून जरा मोठा. न वैतागता. इतक्या चिकाटीने आजवर त्यांना कोणी हाक मारली नव्हती. आणि मग खूप लांबून, सुईच्या टोकाएवढा एक आवाज आला. मामांनी बटण दाबलं.

तपासणी झाल्यावर परीक्षक बाई म्हणाल्या, "आता पेशंटला समजावून सांगा." बारकीने सांगितलं. जाड आवाज चांगले येतात. बारीक गेलेत, म्हणून दाराची घंटा चुकते, आणि माणसं पुटपुटतात असं वाटतं. डॉक्टरांना एकदा दाखवू, मग कानाला यंत्र लावू. "मला आधी एवढंच सांगा, की तुम्हाला पुन्हा काय ऐकायचंय? त्याप्रमाणे आपण बसवून घेऊ."

"शटल," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि तुझी मामी."

बाहेर बाकावर मामी बसल्या होत्या. बारकीने सगळं सांगितलं. मामींनी मामांचे दोन्ही कान एकदा नीट बघून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसाला माझी किंमत नाही. आणि हा नुसता बहिरा होता!"

"मामी, आता पाठीमागून बोलायचं नाही. समोर येऊन बोलायचं."

"येईन की. समोरून भांडायला मला काय भीती आहे?"

तेवढ्यात परीक्षक बाई दारातून बाहेर आल्या. "ती पाटी तपासणीच्या आधीच दिसायला हवी होती," त्या बारकीला म्हणाल्या. "त्याचे मार्क जातील." बारकीने मान हलवली. जाता जाता, पाठ फिरवून, बाई आणखी काहीतरी बोलल्या. बारकी जागच्या जागी उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मामींनी तोंडाला पदर लावला.

मामांच्या ओठांवर सवयीने "हो, हो" आलं. ते त्यांनी गिळलं.

"काय म्हणाल्या त्या?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू आलं नाही."

बारकी त्यांच्या समोर आली, उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. "म्हणाल्या, 'परीक्षकाने असं बोलू नये, पण माझी आई आज असती तर मी तिला तुमच्याकडेच आणलं असतं.'"

मामा जरा पुढे झुकले.

"पुन्हा सांग."

"ऐकू नाही आलं?"

"आलं," मामा म्हणाले. "पुन्हा सांग."