शर्यतीचं पेट्रोल

मिस्त्रींनी टाकीच्या झाकणावर तळहात दाबून धरला आणि दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, की डबा आणलात तसाच परत न्या.

डॉक्टर डबा पोटाशी धरून उभे होते. आत शर्यतीच्या गाड्यांचं पेट्रोल होतं, भलत्याच चढ्या ऑक्टेनचं, चार ठिकाणी शब्द टाकून मिळवलेलं. त्यांची गाडी त्यांच्याहून वयानं मोठी. गेला महिनाभर ती चढावर वाजत होती. पत्र्याच्या डबीत बारीक खिळे हलवावेत तसं, असं ते म्हणाले.

मिस्त्री म्हणाले, दिवसभर लोकांच्या तोंडात गिरमिट चालवणाऱ्याला खिळे ऐकू येणारच. डॉक्टर हसले, पण डबा काही खाली ठेवेनात.

मग मिस्त्रींनी त्यांना समजावून सांगितलं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. हे पेट्रोल थंड डोक्याचं, कितीही दाबलं तरी वेळेआधी पेट घेत नाही, एवढाच त्याचा गुण. नव्या शर्यतीच्या इंजिनात दाब अफाट, तिथं ते हवंच. या म्हातारीच्या इंजिनात तेवढा दाबच नाही. साध्या पेट्रोलवर तिनं आयुष्य काढलं, या पेट्रोलनं तिची ताकद एका घोड्याचीही वाढणार नाही.

"पण वाजायचं तर थांबेल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्त्रींची लेक मागे हात पुसत उभी होती. गॅरेज आता तीच चालवत होती. ती म्हणाली, "घालू द्या ना, बाबा. एक टाकी. कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय," मिस्त्री म्हणाले. "माझ्या हातचं इंजिन औषधावर चालणार नाही."

लेकीनं डॉक्टरांना डबा खाली ठेवायला लावून चहाला बाहेर नेलं. मिस्त्री एकटेच राहिले. त्यांनी बॉनेट उघडलं. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या बोल्टवर लाल रंगाचा ठिपका तसाच होता. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, लावून झालं की ते असा ठिपका देत. त्यानंतर त्या बोल्टला पाना लावायची कुणाची छाती नव्हती, लेकीचीसुद्धा. चाळीस वर्षं ते टायमिंग कानानं लावत आले होते. गॅरेजमागच्या चढणीवर गाडी न्यायची, वाजेपर्यंत ठिणगी पुढे सरकवायची, म्हणजे लवकर पाडायची, वाजलं की केसभर मागे घ्यायची. महिन्यापूर्वी ही गाडी त्यांनी तशीच लावली होती. त्या दिवशी ती वाजायलाच तयार नव्हती, आणि ते खुशाल पुढे सरकवत गेले होते.

लेकीचा टायमिंगचा दिवा खिळ्याला लटकत होता. पोरांचं खेळणं, असं ते त्याला म्हणत. त्यांनी तो काढला, इंजिन चालू केलं आणि उजेड पुलीवर धरला. खूण काट्यासमोर दिसायला हवी होती, ती बोटभर पुढे लखलखत होती.

त्यांनी दिवा विझवून पुन्हा लावला. खूण तिथंच.

बोल्ट सैल करून एवढंसं फिरवायचं, वर नवा ठिपका द्यायचा. चहा संपायच्या आत सगळं उरकलं असतं. गाडी साध्या पेट्रोलवर गुमान चढली असती, डॉक्टरांचं तोंड बंद झालं असतं आणि मिस्त्रींचा शब्द वर राहिला असता. पाना त्यांच्या हातात आलाही होता. पण बाहेर दुसरी गाडी उभी होती, उद्या तिचं टायमिंग लावायचं होतं. त्यांनी पाना बॉनेटच्या कडेवर ठेवला आणि लेकीला हाक मारली.

ती आली. मागोमाग डॉक्टर.

"बघ," म्हणत त्यांनी खुणेवर दिवा धरला.

ती वाकली नाही. तिनं खुणेकडे पाहिलंच नाही. ती जमिनीवर ठेवलेल्या डब्याकडे बघत राहिली.

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं.

"तुला ठाऊक होतं."

"डबा मीच आणायला सांगितला होता," ती म्हणाली.

डॉक्टरांना एकदम चष्म्याच्या काचा पुसायची आठवण झाली.

"म्हणजे माझे कान गेले, आणि औषध तू हिला पाजणार होतीस," मिस्त्री म्हणाले. "त्यापेक्षा मला सांगायचं."

"तुम्ही ऐकलं असतं?"

यावर त्यांना हसू आलं. ते त्यांनी मिशीतच जिरवलं. मग नखानं लाल ठिपका खरवडून काढला आणि पाना तिच्या हातात दिला. यापुढे टायमिंग ती लावील, त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं. आपण घरी बसणार नाही, शेजारी उभं राहून चुका काढू. आणि तो डबा कुणा शर्यतवाल्याला देऊन टाका, या गाडीत थेंब जाणार नाही.

चढणीवर लेक गाडी चालवत होती, डॉक्टर मागे अंग चोरून बसले होते. मिस्त्री रस्त्याकडे बघत नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोनदा तिनं गाडी थांबवली, उतरून पाना फिरवला आणि पुन्हा खालून सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला माथ्यावर पोचल्यावर तिच्या कपाळावरची आठी गेली.

"नाही वाजत," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"एका चढाईवर मी माझ्या कानांवरसुद्धा कधी भरवसा ठेवला नाही," मिस्त्री म्हणाले. "वळव गाडी."