बेटावरचे स्टिकलंड

"गार्लंड कुठंही जाऊ दे, शेवटी त्याला इथं आण. आपल्या नावाचं माणूस परक्या मातीत बेवारशी पडता कामा नये."

बाप जाऊन कैक वर्षं झाली, पण सकाळची प्रार्थना संपवून हेस्टर उठली की हे शब्द कानाशी असायचेच. तेव्हा ती "हो" म्हणाली होती. आज चहाची किटली सरकवून तिच्या भावाच्या, गार्लंडच्या मुलीनं, क्रिस्टलनं, बापाच्या रक्षेची पेटी टेबलावर ठेवली होती. कॅनडाच्या पार पश्चिमेच्या अल्बर्टाहून इथं पूर्व टोकाला न्यूफाउंडलंडपर्यंत ती मांडीवर घेऊन आली होती.

"आत्या, बेटावर नको. इथंच, गावच्या दफनभूमीत ठेवू. बाबांनी त्या दगडाची धास्ती घेतली होती."

हेस्टरला ठाऊक होतं. सीलच्या शिकारीला गेलेलं गार्लंडचं जहाज बर्फात बुडालं, तेव्हा बेटाच्या रिवाजाप्रमाणे बापानं पोराच्या नावाचा दगड उभा केला. समुद्रानं देह ठेवून घेतला, निदान नाव तरी जमिनीवर असावं. गार्लंडला मात्र नॉर्वेच्या जहाजानं उचललं होतं. त्याची तार बेटावर पोचलीच नाही. उन्हाळ्यात तो घरी आला तेव्हा त्याचं स्वतःचं थडगं उभं होतं. बाप दगड काढेना. "उभा केलेला दगड पाडला की समुद्र माणूस मागतो," म्हणायचा. गार्लंड पश्चिमेला तेलाच्या कामावर गेला, तो परत फिरकला नाही. पुढं सरकारनं सगळ्यांना किनाऱ्यावरच्या गावांत हलवून बेटच रिकामं केलं.

"आणि आपल्या स्टिकलंड नावाचं म्हणशील तर उरलंय काय?" क्रिस्टल म्हणाली. "लग्न होऊन मी आता कोवाल्चुक. तिकडं इंग्लंडात, डॉर्सेटमध्ये स्टिकलंड म्हणजे नुसतं एक खेडं आहे म्हणे."

"खेडं तिथंच राहिलं, बाळ. तिथला एक पोरका गडी मासे खारवायच्या कामाला जहाजावर चढला, त्याच्याबरोबर नाव इकडं आलं. त्याची तिकडं कुणी वाट बघितली का, देव जाणे. तुझ्या बापाची मी बघितली."

क्रिस्टल पेटीवरून हात फिरवत राहिली.

दारात शेजारचा अँब्रोज होडीवाला उभा राहिला. "काय गं बायांनो, भरती तुमच्या चहासाठी थांबायची नाही. हेस्टरला न्यायचं म्हणजे बटाट्याची पोती नेल्यासारखं, बोलणं सगळं मलाच करावं लागतं."

"मग त्याच दगडाखाली ठेवणार?" क्रिस्टलनं हळूच विचारलं.

"दगड आधी आडवा होईल. मग तुझा बाप."

"पण आजोबा तर…"

"त्यांनी गार्लंडला आणायला सांगितलंय. दगड उभा असताना तो यायचा नाही. सकाळीच देवाच्या कानावर घातलंय मी."

"आणि समुद्रानं मागितलं तर?" अँब्रोजनं टोपी काढली.

"मागू दे. माझं वय झालंय," हेस्टर म्हणाली.

तिनं पडवीतली पहार घेतली, होडीत वाजू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळली. क्रिस्टलनं पेटी उचलून छातीशी धरली. दार ओढून घेऊन हेस्टर धक्क्याच्या वाटेला लागली.