दुखऱ्या गुडघ्याचा देव

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हेमलताबाई पलंगावरून पाय खाली टेकवायला तयार नव्हत्या. विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून नोकरी केलेली बाई, पण फिजिओथेरपिस्ट रंजिता वॉकर घेऊन आली की डोळे घट्ट मिटून पडायच्या.

"आंटी, स्वल्प उभ्या तरी राहा," बेळगावची रंजिता गयावया करायची.

"उद्या गं."

शेजारच्या पलंगावर कत्रीना होती. नामिबियातली शिक्षिका, तिथल्या मूळच्या खोइखोइ लोकांपैकी. तीही गुडघ्यासाठीच हेब्बाळ तलावाकाठच्या या हॉस्पिटलात आली होती. एका संध्याकाळी रंजिता वॉकर परत ठेवत असताना ती इंग्रजीत म्हणाली, "आमच्या जुन्या लोकांचा एक देव आहे, त्सुइगोआब. नावाचा अर्थच दुखरा गुडघा."

हेमलताबाई उठून बसल्या. "देवाचा गुडघा दुखतो?"

"गाउनाब नावाच्या दुष्टाशी तो लढायचा. दर वेळी हरायचा, पण दर वेळी जास्त बळ घेऊन उठायचा. शेवटी त्यानं गाउनाबच्या कानामागे असा तडाखा दिला की तो कोसळला. मरता मरता गाउनाबनं याच्या गुडघ्यावर घाव घातला. तेव्हापासून देव लंगडतो. पाऊस तोच पाडतो, आणि राहतो पहाटेच्या तांबड्या आभाळात."

"लंगडत लंगडत पाऊस पाडतो?" हेमलताबाई खळखळून हसल्या. मग रंजिताला म्हणाल्या, "उद्या उजाडायच्या आत ये. मला कॉरिडॉरच्या टोकाला पूर्वेची खिडकी आहे ना, तिथे जायचंय."

पहाटे रंजिता आली आणि त्या उभ्या राहिल्या. कळ मस्तकात गेली. "अगं आई गं!" म्हणत त्यांनी वॉकर पुढे सरकवला. मागून कत्रीना तिच्या वॉकरवर. खिडकीपाशी पोचेतो दोघी घामाघूम झाल्या होत्या. बाहेर तलावावर आभाळ कुंकवासारखं लाल झालं होतं.

कत्रीना तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मधूनच जिभेचा टक्क असा आवाज.

"हे कसं करतेस?" हेमलताबाईंनी जीभ टाळूला लावून पाहिली. च्यक्! कत्रीनाला हसू आवरेना.

इतक्यात कॉफीचा थर्मास घेऊन उमाकांत, हेमलताबाईंचे यजमान, धावतच आले. पलंग रिकामा पाहून ते शोधत सुटले होते. खिडकीशी उभी बायको दिसली आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"हेमा, तू चाललीस?"

"चालले की! आता बाजूला व्हा, वाट अडवू नका," त्या म्हणाल्या, आणि वॉकर वळवून कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडे निघाल्या.