तीन भाषांचे ओझे

मित्रांनो, सरळ बसा आणि मधे बोलू नका. मी एक जुनी चिप आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी, अठ्ठावीस पायांची. कतारगामच्या एका इमारतीत मी वर्षानुवर्षे पाण्याची मोटर सांभाळली. टाकी एकदाही ओसंडू दिली नाही! लोक माझ्या शिस्तीचे नाव काढत. पुढे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी भंगाराच्या डब्यात झाली.

तेथून मला सुषमाने उचलले. माझ्यासारख्या चिपांसाठी प्रोग्राम लिहायला ती शिकत होती. तिची आई सरलाबाई बमरोलीतल्या एका कारखान्यात कापड विणायचा लूम चालवत असे. धागा तुटताच लूम थांबवायचा, एवढेच काम सुषमाने मला दिले. लूमवर देखरेख करणाऱ्या मास्तर गजेंद्रभाईंनी मात्र बजावले होते, "कापड बिगडलं, तर पुन्हा लूमला हात लावायचा नाही."

पण सुषमा हौशी! कारखान्यात कुणी अहिराणी बोलणारे, कुणी हिंदी, कुणी गुजराती. म्हणून तिने छोट्याशा पडद्यावर दाखवायला तिन्ही भाषांतले नमस्कार आणि निरोप माझ्या डोक्यात कोंबले. चालू कामासाठी माझी स्मरणशक्ती तुमच्या धड्याच्या एका पानाएवढीही नाही. लूम सुरू झाला आणि माझी मती गुंगली. धागा तुटला, की अजून शाबूत आहे? मी लूम सांभाळते आहे, की मोटर? मी पुन्हा पुन्हा बेशुद्ध पडे आणि शुद्धीवर येताच तिन्ही भाषांत नमस्कार करत बसे. तिकडे कापड बिघडतच होते.

"काय वं पोर," सरलाबाई ओरडल्या, "तुन्ही मशीन काम करस, का पाव्हणास्ना मानपान करस?"

गजेंद्रभाई पक्कड घेऊन मला उपटायला आले. "बस थयुं, बेन! पुरे झालं आता!"

"काका, एकदाच! शेवटचं!"

सुषमाने हिंदी काढली, गुजराती काढली. अहिराणीपाशी तिचा हात थबकला. ती आईची भाषा होती. मग स्वतःशीच पुटपुटली, "ह्या खडखडाटात बोलतं तरी कोण? सगळे हातानंच खुणा करतात. मशीनलाही एक खूण पुरे." तिने तीही पुसली, पडदाही काढला आणि एक लाल दिवा तेवढा जोडला.

लूम धडधडला. धागा तुटला, आणि मला ते कळले! लूम जागच्या जागी थांबला, दिवा लागला. सरलाबाईंनी हाताचा पंजा दाखवून गजेंद्रभाईंना दूर राहायची खूण केली. तसे गजेंद्रभाईंनी पक्कड खिशात घातली.

मित्रांनो, हुशार माणसे आधी विचारत का नाहीत, हे कोडे मला आजही सुटलेले नाही. लहान म्हणून आम्हाला फेकू नका आणि कौतुकाने आमच्या डोक्यावर डोंगरही ठेवू नका. काम सांगण्याआधी आम्हाला किती पेलते, तेवढे पाहा. आता जा. धागा ताणला जातो आहे, आणि मला लक्ष द्यायचे आहे.