सांभाळून ठेवलेली दाढ

बाळांनो, जिभेचं टोक खालच्या डाव्या बाजूला, मागच्या एका दाढेवर ठेवा. ठेवलंत? आता समजा, ती दाढ किडली आहे. तिच्यात ज्वारीचा दाणा मावेल एवढं भोक पडलं आहे. गार पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत जाते. घास त्या बाजूला गेला की डोळ्यांत पाणी येतं. आणि तरीही कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचं, "न्हाई, काही दुखत न्हाई." एक दिवस नव्हे, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. कशासाठी सोसाल एवढं? मनातल्या मनात उत्तर तयार ठेवा आणि मग दिपाने कशासाठी सोसलं ते ऐका.

सिद्धेश्वरच्या धरणातून निघालेल्या कालव्याच्या अलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. दिवाळी उरकली की तिथे ट्रक येतात आणि हातपाय धड असलेली सगळी माणसं ऊस तोडायला लांब निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. जगन आणि त्याची बायको शिला दरसाल जायचे. त्यांची पोरगी दिपा तिसरीत होती. ती जगनच्या आईजवळ, म्हणजे आपल्या दादीजवळ राहायची. दादीचं नाव रूपाबाई.

त्यांच्या घरात दुधाचा दात पडला की तो ओल्या शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकायचा, आणि ते काम आईचं. शिला मात्र स्वतः फेकत नसे. ती दिपाला कडेवर उचलून घ्यायची, गोळा तिच्याच हातात द्यायची आणि दोघी मिळून ओरडायच्या, "उंदीरमामा, जुना घे, नवा दे!" गोळा पत्र्यावर धप्पकन पडला की शिला एवढी हसायची की शेजारणी विचारायच्या, "काय गं शिले, दात तुझा पडला का पोरीचा?"

गेल्या दिवाळीनंतर ट्रक तांड्यात येऊन उभा राहिला, तेव्हा दिपाने आईसमोर तोंड उघडून ती दाढ दाखवली.

"याडी, ही बी हलायली."

आपल्या आईला ती याडी म्हणायची. तांड्यात तसंच म्हणतात. शिलाने बोट घालून दाढ चाचपली. "हलती गं थोडी. पण आत्ता पाडू नको. मी न्हाई तर तुला उचलून कोण घेईल? तुझी दादी? तिची तर कंबर मोडंल."

"मंग लवकर ये."

"तू दाढ सांभाळ. मी येतेच."

एवढं बोलणं झालं आणि ट्रक गेला.

संक्रांत होऊन गेल्यावर, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढताना शिलाचा पाय घसरला. डोकं दगडावर आपटलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्याच एका ओढ्याच्या काठी जगनने तिला अग्नी दिला. त्याने फोन केला तेव्हा रूपाबाईने आधी दिपा जवळपास नाही ना ते बघितलं. मग म्हणाली, "लेकराला फोनवर नको सांगू. तू ये. जवळ घेऊन सांग."

जगनने तेच ठरवलं होतं. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये बसून त्याने शब्दही जुळवले होते. पण ट्रक तांड्यात शिरला आणि त्याच्या पुढे पुढे दिपा पळत आली. जगन खाली उतरला, तर पोरगी त्याच्या मागे ट्रकात बघत होती. तिने आ वासून तोंडात बोट घातलं.

"बापू, बघ, मी पाडली न्हाई! याडी कुठंय?"

जगनने जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं. "मागून येऊन राहिली," तो म्हणाला. "मुकादमाच्या घरी सैपाकाला ठेवलंय तिला. येईल."

बाळांनो, खोटं बोलायला जगनला एक श्वास पुरला, पण ते पेलायला मग सगळा तांडा लागला. दिपा दिसली की बाया डोळे पुसायच्या आणि पाण्याच्या हंड्यांविषयी बोलायला लागायच्या. बरोबरीच्या पोरांना त्यांच्या आयांनी शपथा घातल्या. शिलाची कपड्यांची पेटी कुणी उघडली नाही. रोज झोपताना जगन म्हणायचा, उद्या सांगू. आणि दिपा रोज उजव्या बाजूने भाकरी चावून डावी बाजू सांभाळत राहिली.

मग एका सकाळी तिचा गाल सुजून आला. रूपाबाईने हिरडीला मशेरी दाबली, गरम फडक्याने गाल शेकला. सूज उलट वाढली, अंगात ताप भरला. डोळ्याखालपर्यंत गाल तट्ट फुगला तेव्हा जगनने तांड्याच्या नायकाची, हरिचंदची, मोटारसायकल मागितली आणि पोरीला औंढ्याला नेलं. तिथल्या दातांच्या डॉक्टर शाहिस्ताबाईंनी आधी पू उतरायचं औषध दिलं.

"मशेरी नाही लावायची, तुमच्या आईला सांगा. आणि शेकायचं बिलकुल नाही, त्यानं पू पसरतो. बरं झालं वेळेत आलात. पुढच्या आठवड्यात या, दाढ काढावी लागेल."

पुढच्या आठवड्यात सूज उतरली होती. जगनने दिपाला सांगितलं, "नुसतं औषध लावायचंय."

शाहिस्ताबाईंनी पोरीला खुर्चीवर बसवलं आणि जगनला विचारायला लागल्या. कापलं-खरचटलं तर हिचं रक्त लवकर थांबतं ना? दुसरा कुठला आजार, कुठलं औषध? आधी कुठल्या औषधानं अंगावर पुरळ-बिरळ आलं होतं का? सकाळी जेवून आली का? जगन एकेकाचं उत्तर देत होता. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "हिला काय सांगून आणलंत?"

"औषध लावायचंय म्हणून."

"हे बराबर नाही केलंत, भाऊ. आज मी हिला फसवून दाढ काढीन. मग ही जन्मभर कुणापुढं तोंड उघडायची नाही."

त्या दिपाजवळ स्टूल ओढून बसल्या. "दिपाबाई, औषध लावायचं नाही. दाढ काढायची आहे."

दिपाने दोन्ही हात तोंडावर दाबले. "याडी आल्यावर," ती हातांच्या आडून म्हणाली.

"काय काय होणार ते तर ऐकशील? मग तू ठरव." शाहिस्ताबाईंनी ट्रेमधल्या वस्तू एकेक करून दाखवल्या. "आधी हे गोड औषध हिरडीला लावीन. मग सुई. ती टोचेल. मुंगळा चावल्यासारखी. मग तुझा ओठ आणि जीभ जड होईल, वाटेल की ओठ सुजून भाकरीएवढा झालाय. झालेला नसतो. पण लेकरं गंमत म्हणून त्याला चावत बसतात आणि नंतर रडतात. तसं करायचं नाही. मग मी दाढ हलवीन. दाबल्यासारखं वाटेल, करकर आवाज येईल. दुखायला नको. दुखलंच, तर डावा हात वर करायचा. मी थांबेन."

हात तोंडावरून थोडे खाली आले. "खरंच थांबसाल?"

"खरंच."

"रक्त येईल?"

"येईल थोडं. मी कापसाची घडी देईन, ती अर्धा तास दातांनी दाबून धरायची. रक्ताची गाठ त्या खड्ड्यात बसली पाहिजे. तीच खपलीसारखी होऊन जखम भरून आणते. म्हणून आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, बोट घालायचं नाही, नळीनं काही ओढून प्यायचं नाही. पळापळ नाही. गार दहीभात खायचा. उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्यानं अलगद चूळ. आणि ही दुधाची दाढ आहे, हिच्या जागी दुसरी येईल. पण वेळ लागेल, लगेच नाही येणार."

दिपा त्यांच्याकडे बघत राहिली. हे सगळं ऐकताना जगन पडद्याजवळ जाऊन उभा राहिला होता. पोरगी आता रडेल, पळेल, असं त्याला वाटत होतं. पण तिचा चेहरा निवळत चालला होता. इतक्या महिन्यांत तिच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं.

"तुमी दुखलं तर दुखलं म्हणता," दिपा म्हणाली. "तुमी खरं सांगता. मंग सांगा, माझी याडी कवा येणार?"

शाहिस्ताबाईंनी जगनकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली होती. त्या समजल्या.

"बेटा, ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला ठाऊक आहे त्याला विचार." आणि त्या उठून पडद्याबाहेर गेल्या.

जगन स्टुलावर बसला. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकत होतं. रस्त्यावर देवळाकडे जाणाऱ्या लोकांचा आवाज येत होता.

"दिपा, याडी न्हाई येणार."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात बी न्हाई."

"दिवाळीला?"

"कवाच न्हाई, माय. याडी गेली. संक्रांतीनंतर. मोळी घेऊन फळीवर चढत होती, पाय घसरला."

दिपाने डोळे मिटले नाहीत. ती वरच्या दिव्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "लई दुखलं का तिला?"

न्हाई, म्हणायला जगनने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग म्हणाला, "दुखलं. थोडा वेळ. मी जवळच होतो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

"माझ्या दाढेचं इचारलं का तिनं?"

हो म्हटलं असतं तर कुणाचं काय जाणार होतं? तो शब्द त्याच्या ओठांवर आलाही. पण पोरगी त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती, मघाशी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत होती तशी.

"न्हाई गं. तिला बोलताच आलं न्हाई."

दिपाने डाव्या गालावर हात ठेवला. "म्हंजे आता सांभाळायची न्हाई?"

"न्हाई, माय. झाली तुझी सांभाळून."

शाहिस्ताबाई परत आल्या तेव्हा दिपाने आपण होऊन तोंड उघडलं. सुई टोचली. तिने पाय आखडले, पण हात हलवला नाही. जरा वेळाने दाढ हलवायला सुरुवात झाली तशी तिचा डावा हात वर गेला. शाहिस्ताबाई जागच्या जागी थांबल्या. "दुखतंय?" दिपाने मान हलवून नाही म्हटलं. त्या खरंच थांबतात का, एवढंच तिला बघायचं होतं. मग तिने हात खाली घेतला. थोड्याच वेळात दाढ बाहेर आली. एवढीशी, एका बाजूने काळी, मुळं झिजून गेलेली.

कापसाची घडी तोंडात देऊन शाहिस्ताबाई म्हणाल्या, "दाबून धर. बोलायचं नाही." दाढ त्यांनी कागदात बांधून जगनजवळ दिली. "अर्ध्या तासानं कापूस काढा. रक्त थांबलं नाही किंवा ताप आला तर लगेच या. उरलेलं औषध पूर्ण संपवायचं. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका."

दिपा मोटारसायकलवर जगनच्या मागे बसली आणि तिने कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं. कापूस चावून धरायचा होता, म्हणून ती तोंड मिटून रडली. आवाज नव्हता. फक्त अंग हलत होतं आणि जगनचा सदरा पाठीला भिजत चालला होता. कालव्याच्या पुलावर त्याने गाडी उभी केली. तिला जवळ घ्यावं म्हणून वळला, तर तिने हाताने पुढे चल अशी खूण केली.

दारात रूपाबाई उभी होती. लेकाचं तोंड बघून ती समजली. "सांगितलं का रे?" जगनने मान हलवली आणि म्हातारीने पोरीला कवटाळून गळा काढला. जे रडणं तिने संक्रांतीपासून गिळलं होतं, ते आता कुणाला आवरेना. घराघरांतून बाया निघाल्या. शिलाचं नाव घेऊन, मोठ्याने, कुणाला न भिता, तांडा पहिल्यांदा रडला. त्या रडण्यात ओढ्याकाठी दिलेल्या अग्नीचं बोलणं निघालं, ते दिपाने ऐकलं.

दिवस कलला. कापूस काढून झाला होता, रक्त थांबलं होतं. दिपाने चार घास गार दहीभात उजव्या बाजूने खाल्ला. मग तिने गोठ्यातून शेण आणलं, कागद उलगडून दाढ त्यात घातली आणि दोन्ही हातांनी गोळा वळला. जगन पुढे झाला. तिला उचलायला त्याने हात पसरले.

"ये. पत्र्यावर टाकू."

दिपा मागे सरली. दुखऱ्या तोंडातून शब्द नीट उतरत नव्हते. "तो ओढा कोण्या बाजूला हाय?"

"कोणता?"

"जिथं याडीला जाळलं."

जगनने हात उचलून मावळतीकडे दाखवलं. घरांच्या पलीकडे, तुरीच्या मोकळ्या रानापलीकडे, ज्या रस्त्याने ट्रक जातात तिकडे. "लई लांब हाय, माय. तिथं न्हाई पोचायचा."

दिपाने छपराकडे पाठ केली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून गोळा मावळतीकडे फेकला. तो रानाच्या बांधापाशीच पडला. ती तिथवर गेली. पळाली नाही, डॉक्टरीणबाईंनी पळू नको म्हणून सांगितलं होतं. वाकून तिने गोळा उचलला, माती झटकली, आणि पुन्हा पुढे फेकला. पुन्हा तिथवर चालत गेली. जगन काही न बोलता तिच्या मागे निघाला. रान संपलं, रस्ता लागला. दिपाने रस्त्यावर पडलेला गोळा उचलला, छातीशी धरला, आणि परत फेकला.