फुंकरीने उलटलेली पाने

हातोड्यांचा आवाज थांबला की माळावर जी शांतता पसरायची, तिच्यात पहिल्यांदा ऐकू यायची ती मार्थाबाईंची फुंकर. त्यांची बोटं खडीच्या पिठीनं पांढरी झालेली असत. त्या बोटांनी पुस्तक मळू नये म्हणून त्या पानाच्या कोपऱ्यावर हलकेच फुंकर घालीत. पान थरथरे, उचललं जाई आणि जणू स्वतःच्या मर्जीनं उलटे. चुलीतला विस्तव फुलवताना बाई ओठांचा जसा चंबू करते, तसाच तो चंबू. पुढे पुढे मला वाटू लागलं की त्या पान उलटत नव्हत्याच, विस्तवच फुलवत होत्या.

बहात्तरचा दुष्काळ होता. पारनेरजवळच्या उघड्या माळावर सरकारी रस्त्याचं काम निघालं होतं आणि गावोगावच्या बाया तिथं खडी फोडत होत्या. उन्हानं आभाळाचा निळा रंगसुद्धा विटून गेला होता. सावली म्हणावी अशी एकच गोष्ट त्या माळावर होती, ती म्हणजे हजेरी घेणाऱ्या कारकुनाची छत्री. तान्ही पोरं दगडांच्या ढिगाआड, आयांच्या लुगड्याच्या पदराखाली निजत, आणि ऊन सरकेल तसा पदर सरकवावा लागे.

मी नगरच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बापाचा मुलगा. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर निजून मोठा झालेला. ‘संप’ हा मी वाचलेला पहिला शब्द. गिरण्यांच्या लढ्यांचा इतिहास पिशवीत घालून मी त्या माळावर गेलो तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं, की मी वाचीन आणि बाया पेटून उठतील. पहिल्या दिवशी खायला सुकडी वाटून झाल्यावर, दुपारच्या सुट्टीत, मी वाचलं. बाया झोपल्या.

“भाषान करतो व्हय रं?” गयाबाई म्हणाली. ती साऱ्यांत थोरली, तोंडानं तिखट. “आन हिकडं. आमची मास्तरीन वाचंल.”

मास्तरीण म्हणजे मार्थाबाई. शेवगावच्या मिशन शाळेत त्या घंटा वाजवायच्या, वर्ग झाडायच्या. वर्गाच्या दारात उभ्या राहून ऐकता ऐकता वाचायला शिकलेल्या. शाळेतलं काम सुटलं, नवरा आधीच गेलेला. त्या थोरल्या बहिणीच्या आधारानं इथं आल्या होत्या. हजेरीपटावरचं नाव हीच त्यांची भाकरी. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, मांडी घातली आणि प्रार्थनेच्या त्या संथ, ठाय लयीत गिरणीतल्या संपाचं प्रकरण वाचायला सुरुवात केली. माझ्या वाचनात घोषणा होत्या, त्यांच्या वाचनात श्वास होता. प्रकरण संपलं तेव्हा बायांनी हात जोडले.

दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तर मार्थाबाईंकडे ठेवलेल्या पुस्तकाला हळद-कुंकू लावलेलं. पहिल्या पानावर पिवळं बोट उमटलेलं. मी भडकलो. ही पोथी नव्हे, पोथ्यांनीच तुम्हाला इतकी वर्षं झोपवलं, असं बरंच काही बोललो. मार्थाबाईंनी ऐकून घेतलं.

“मला कुंकू चालत न्हाई, बाळा,” त्या म्हणाल्या. “पुस्तकाला चालतंय. तुज्या बापाच्या छापखान्यातनं आलंय, देवळातनं न्हाई, हे ठाव हाय त्यान्ला. पर आपल्यासारक्यांचं दुख लिव्हलंय, त्याला पाय कसा लावायचा?”

आणि त्यांनी मला समास दाखवले. बायांनी विचारलेले प्रश्न पेन्सिलीनं तिथं उतरवले होते. *संप चालू हुता तवा पानी कोन भरत हुतं? बायांची पोरं कुठं ठिवली हुती?* मला पाठ असलेल्या त्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. ते मला पहिल्यांदाच दिसलं.

त्या प्रश्नांतूनच अर्ज निघाला: पोरांसाठी छप्पर, पिण्याला पाणी. अंगठे उठले. कारकुनाला वास लागला तो पुस्तकाचा. एका दुपारी छत्री मिटून तो वाचनातच येऊन उभा राहिला.

“ते पुस्तक इकडं दे, बाई. नाहीतर उद्या हजेरीवर नाव दिसणार नाही.”

मार्थाबाईंनी मान वर केली नाही. आवाज थांबला नाही. गयाबाई मात्र उठली.

“सायेब, आदी व्हाना काढा. पोथी चालू हाय. अध्याव अर्ध्यावर सोडीत न्हाईत.”

तिनं हे थट्टेनं म्हटलं की खरंच, ते मला आजही उकलत नाही. तोंडावरची रेघही हलली नव्हती. पण पारायणाच्या गावातच वाढलेल्या त्या माणसाचे पाय त्याच्या हुकमाआधी तिच्या हुकमाला वश झाले. त्यानं वहाणा काढल्या. तापलेल्या खडीवर, या पायावरून त्या पायावर होत, कामगार गिरणीतले साचे कसे बंद पाडतात त्याचं अख्खं प्रकरण त्यानं उभ्यानं ऐकलं. मार्थाबाईंनी एकही ओळ गाळली नाही, उलट मला वाटतं त्या दिवशी त्यांनी जरा सावकाशच वाचलं. शेवटी बायांनी हात जोडले तेव्हा त्याचेही हात अर्ध्यापर्यंत आले होते.

त्या अपमानाचा वचपा त्यानं दुसऱ्या सकाळी काढला. मी आदल्या रात्री गावातच राहिलो होतो, म्हणून ते मला पाहता आलं. हजेरी सुरू झाली आणि मार्थाबाईंचं नाव यायच्या जागी पुढचंच नाव आलं: गयाबाईचं. गयाबाई समोर उभी होती. तिनं ओ दिली नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. मग पुढचं नाव, त्याच्या पुढचं. दिवसभराच्या भाकरीसाठी पहाटेपासून चालत आलेल्या त्या बाया, हातात हातोडे, कडेवर पोरं. आणि एकीच्याही तोंडून ‘हजर’ निघेना. तो वाचत होता आणि ऐकणारं कुणी नव्हतं. साऱ्या पटाचं वाचन संपलं तेव्हा त्या पटावर एकही माणूस नव्हतं.

“आदी तिचं,” गयाबाई म्हणाली. “मग आमचं.”

ऊन डोक्यावर येईतो कुणी बसलं नाही. मग त्यानं टाक काढला, नाव लिहिलं आणि खाली मान घालून पुकारलं. मार्थाबाईंचा ‘हजर’ इतका हळू होता की फुंकरच वाटावी. छप्पर पुढच्या आठवड्यात आलं. चार वासे आणि वर कडब्याच्या पेंढ्या, पण पोरांच्या अंगावर सावली पडली.

पाऊस झाला, काम बंद पडलं, बाया आपापल्या गावी पांगल्या. गेल्या हिवाळ्यात मार्थाबाई शेवगावला वारल्या. पुस्तक माझ्याकडे आहे. त्यातली खडीची पिठी मी अजून झटकलेली नाही. काळ माणसांना असाच वगळतो, पटावरचं एक नाव गाळून बिनदिक्कत पुढचं पुकारतो. आणि कुठल्याही सभेत माझं नाव पुकारतात तेव्हा मी क्षणभर गप्प उभा राहतो, आधी मार्थाबाईंचं ऐकू येईपर्यंत.