नवस बदलायचा नाही

आमच्या गावात माणसाला मारायचीसुद्धा रीत आहे. आधी त्याच्या गळ्यातली माळ काढायची, मग मारायचं.

ही रीत मला कळली ती जगननं माझ्या तोंडावर माईकचा लोखंडी स्टँड हाणला त्या दुपारी. माझ्या गळ्यात माळ नव्हती, त्यामुळे मला मारायला कुणाची परवानगी लागली नाही. ओठ फाटला, पुढचा दात हलला. तोंडात रक्त साचलेलं असताना मी बघितलं, की हा जगन, कुऱ्हाडीचा दांडा हातात घेऊन, ज्याला मारायला आला होता त्या सख्ख्या भावापासून दोन हात लांब उभा आहे. चवताळलेला तर होताच, पण भावाच्या गळ्यातल्या कवड्यांना भ्यालाही होता.

पहिल्यापासून सांगते. मी अंजली. कुरुंद्याच्या अलीकडे आमचं गाव. बाबांचा हळदीचा व्यापार, आणि नांदेडला शिकून आल्यापासून तो मीच बघते. गोदामाच्या मागच्या खोलीत छताला टेकतील अशी पोती रचलेली असतात. त्या खोलीत आवाज घुमत नाही, हे मला तिथे बसून फोनवर भांडताना लक्षात आलं. मग एक माईक आणला, जुना कॉम्प्युटर मांडला आणि पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं 'देव्हाऱ्यामागं'. देवापुढे जे बोलता येत नाही, ते देव्हाऱ्यामागे बसून बोलायचं.

आणि लोक बोलायला आले की! एका बाईनं सांगितलं, नवऱ्याला 'आज नको' म्हणायला ती कशी शिकली. एका पुजाऱ्यानं सांगितलं, देवावरचा विश्वास कधीच उडाला, पण घंटा वाजवल्याशिवाय जेवण जात नाही. प्रत्येकाचं नाव बदलायचं, गाव बदलायचं, आवाज कॉम्प्युटरवर जाड किंवा बारीक करायचा, हा माझा नियम. मला वाटायचं, ऐकणारे सगळे पुण्याचे नाहीतर दुबईचे. गावानं मात्र एकूण एक भाग ऐकला होता. कानात हेडफोन घालून, चोरून, बाहेर माझ्या नावानं थुंकत.

शिवहार माझ्याकडे वजनकाट्यावर कामाला होता. किशनरावांचा धाकटा, जगनचा भाऊ, चोविशीचा, हाडकुळा, गळ्यात कायम कवड्यांची माळ. तो आराधी. नवरात्रात लुगडं नेसून, हातात परडी घेऊन तुळजापूरच्या आईच्या नावानं दारोदार जोगवा मागायचा. त्या नऊ दिवसांत गावातले मिशीवाले त्याच्या पायावर डोकं ठेवायचे, आणि दसरा उलटला की तेच त्याची चाल बघून शिट्ट्या मारायचे. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय.

तो एकदा आपणहून माईकसमोर येऊन बसला.

"ताई, लोकं म्हंतेत मी देवीसाठी लुगडं नेसतो," तो म्हणाला. "खरं सांगू का? त्ये नऊ दिस मी सोंग करत न्हाई. बाकी वरीसभर प्यांट घालून जे करून राहिलो ना, त्ये सोंग हाय."

मग त्यानं शिरड शहापूरकडच्या एका मेंढपाळाचं सांगितलं. नाव घेतलं नाही. "त्याच्यासंगं माळावर बसलं की देवळात बसल्यावानी वाटतं," एवढंच म्हणाला आणि लाजला. मी इतकी माणसं बोलती केली, पण इतकं साधं कुणी बोललं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

शेवटी त्यानं नवस सांगितला. जगन लहान असताना तापानं फणफणला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. शिवहार तेव्हा आईच्या पोटात. आजीनं तुळजापूरच्या आईपुढे पदर पसरला, 'हे वाचव, पोटातलं तुला देते.' जगन उठून बसला आणि भाकरी मागायला लागला. शिवहार शाळेत जायच्या वयाचा झाला, तेव्हा गावातल्या थोरल्या आराधीण पंचफुलाबाईंनी त्याच्या गळ्यात माळ घातली.

मी मशीन बंद केलं. "शिवा, हे काढून टाकू. असा नवस पंचक्रोशीत एकच आहे, लगेच ओळखतील. नाहीतर बदलू थोडा. भावाच्या जागी बहीण म्हण, तापाच्या जागी साप म्हण."

त्यानं माळ मुठीत धरली. "नाव बदला, गाव बदला. आवाज बाईचा करा, मला चांगलंच वाटंल. पर नवस बदलायचा न्हाई, ताई. त्याच्यात खोट घातली तर आई खपवून घेत न्हाई."

आता मी एवढी शिकलेली, कुणाचं काय ऐकून घेणारी नाही. पण माझाही हात चालला नाही. आमच्याकडे देव मानत नाही म्हणणारा माणूससुद्धा नवसाचं खोटं बोलत नाही. नवस जसाच्या तसा गेला.

जगनचं लग्न हट्टा गावच्या मुलीशी ठरलं होतं. भाग बाहेर पडला आणि तिसऱ्या दिवशी मुलीकडून निरोप आला, की असल्या घरात मुलगी देत नाही. त्याच दुपारी जगन, त्याचा मित्र मुन्ना आणि आणखी दोघं गोदामात घुसले. बाबा वसमतला बाजारात गेले होते. बाहेर अंगणात हळद शिजत होती. कढईखाली जाळ ढणढणत होता आणि वाफेनं समोरचं काही दिसत नव्हतं. कढईवरच्या गड्यांनी ह्यांच्या हातातले दांडे बघितले आणि शेतात पळाले.

कॉम्प्युटर त्यांनी फरशीवर आपटला. माझा फोन दगडानं ठेचला. पोती फाडली, हळकुंडं गुडघ्याएवढी पसरली. मी मुन्नाच्या अंगावर धावून गेले, तेव्हा जगननं स्टँड उचलला. ते झाल्यावर तो शिवहारकडे वळला.

"माळ काढ."

"मला काढता येत न्हाई, दादा," शिवहार पोत्यांना पाठ लावून म्हणाला. "जिनं घातली तिनंच काढायची."

जगन दातओठ खात उभा राहिला. मग म्हणाला, "मुन्ना, गाडीवर जा आन् पंचफुलाबाईला घेऊन ये. माळ निघाली की ह्याला कढईत घालतो. हळदीसंगं शिजू दे हिजड्याला."

मुन्ना गेला आणि हे थांबले. खरंच थांबले! खून करायला आलेली माणसं एका म्हातारीची वाट बघत बसली. एक जण माझ्याच माठातलं पाणी प्याला. मी दाराकडे सरकले, तर जगननं दांडा माझ्या गुडघ्यावर घातला आणि मी हळकुंडांत कोसळले. ओरडून ओरडून घसा बसला. शेजारच्या घरांची दारं आतून लागल्याचे आवाज मला ऐकू आले.

गाडी आली. पुढे पंचफुलाबाई, शेळ्यांमागून तशाच उचलून आणलेल्या, पायात चिखल. मागोमाग शिवहारचे वडील किशनराव धापा टाकत.

"मावशी, ह्याची माळ काढा," जगन म्हणाला.

"काहून?"

"मारायचंय त्याला."

"बरं," असं म्हणून म्हातारी पोत्यावर बसली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग शिवहारकडे. "काढते की. मला काय जड हाय? पर माळ काढली म्हंजे नवस मोडला. नवस मोडला की मागितलेलं परत जातं. काय मागितलं व्हतं रे, किशनराव?"

किशनरावांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी जगनकडे बघितलं आणि मग पंचफुलाबाईंच्या पायावर लोळण घेतली. "काढू नका, मावशी. पाया पडतो. माझ्या जगनला काही झालं तर मी काय करू? काढू नका."

बाहेर कढई खदखदत होती. ज्याला तिच्यात घालणार होते, त्याचं नाव बापाच्या तोंडात आलं नाही.

"अण्णा," शिवहार म्हणाला, "आन् मी?"

"तू गप ऱ्हाय. तुझ्यापायीच झालं हे सगळं."

मी आजवर बरीच मारहाण बघितली आहे, पण त्या एका वाक्यानं शिवहारला जे लागलं, तसं लागताना मी कुणाला बघितलं नाही. मारायला कुणी हात लावला नव्हता आणि तो आतून मोडला. मग त्यानं स्वतःच्या हातानं माळ डोक्यावरून काढली आणि पंचफुलाबाईंच्या ओटीत ठेवली.

"मी आईचा हाय का न्हाई, त्ये आई आन् मी बघून घेऊ," तो म्हणाला. "पर दादाच्या जिवाचं भाडं म्हणून मला जगायचं न्हाई. दादा, मार आता."

जगननं मारलं. मला वाटलं होतं, त्याचा हात थरथरेल, भाऊ आठवेल. काही नाही. पहिला दांडा खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा तोंडावर. त्या दांड्याच्या टोकाला लोखंडी पट्टी होती, ती डाव्या डोळ्यात गेली. शिवहार पडला, तर मुन्नानं पोटात लाथा घातल्या, आणि बाकीचे दोघेही मारायला वाकले. हळदीवर रक्त सांडलं की ते लाल दिसत नाही, काळं दिसतं. मी सरपटत जाऊन मुन्नाच्या पिंढरीला चावले आणि माझा हललेला दात तिथेच तुटला. किशनराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

जगननं शिवहारच्या काखेत हात घालून त्याला ओढत दाराबाहेर नेलं. कढई हाताच्या अंतरावर. वाफेनं शिवहारचे केस ओले झाले. तो ओरडत नव्हता. आईचा उदोकार पुटपुटत होता, तुटक तुटक.

जगनचे दोन्ही हात भावाच्या काखेत अडकलेले. पंचफुलाबाई मागून गेल्या आणि त्यांनी ती माळ जगनच्या गळ्यात घातली.

"ज्याचा जीव त्याची माळ," त्या म्हणाल्या. "उदो!"

जगनचे हात सुटले. शिवहार कढईशेजारी जमिनीवर आदळला. जगननं माळेला हात घालायला बोटं उचलली आणि ती गळ्यापाशीच थांबली.

"काढा ही," तो म्हणाला.

"मी न्हाई काढत. शिवानं काढली तशी तू काढ. तुझ्याच जिवाचा नवस हाय, तूच मोड."

त्यानं काढली नाही. आणि मुन्ना, ज्याच्या बुटाला शिवहारचं रक्त लागलं होतं, त्याचा हात सवयीनं कपाळाला गेला. त्यानं जगनला नमस्कार केला.

शिवहारला मी माल वाहायच्या गाडीतून नांदेडला नेलं. खांदा जुळला, डोळा गेला. केस झाली, सगळ्यांना जामीन मिळाला, आणि गाव म्हणालं, घरचा मामला आहे. शिवहार नांदेडलाच राहिला. तो मेंढपाळ मेंढ्या भावाकडे सोपवून त्याच्यापाशी गेला. मी नवा माईक आणला, कारण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

नवरात्र आलं. माळ घातलेल्या माणसाला घरी बसता येत नाही. पहिल्याच दिवशी सकाळी माझ्या दारात जगन उभा. हिरवं लुगडं, हातात परडी, मिशी काढलेली. ज्यांनी त्या दुपारी दारं आतून लावून घेतली होती, तेच सकाळपासून त्याच्या पाया पडत होते आणि पाठ फिरली की हसत होते. लुगडं कमरेतून सुटत होतं, त्यानं ते एका मुठीत धरलं होतं.

मला दया आली नाही. दात नसलेल्या जागी जीभ गेली आणि राग वर आला. पण जोगव्याला नाही म्हणता येत नाही. मी परडीत मूठभर ज्वारी टाकली.

तो हलला नाही. खाली बघत म्हणाला, "सुटून राहिलंय सारखं. शिवा कसं नेसायचा, त्याला इचारशील का?"

"तूच विचार," मी म्हणाले आणि फोन लावून त्याच्यासमोर धरला.

शिवहारनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "सांगतो. पर दारात न्हाई. ताई, त्याला पोत्याच्या खोलीत बसवा. माईक लावा. काय झालं त्ये आधी त्यानं सांगायचं. नाव बदलायचं न्हाई, आवाज बदलायचा न्हाई."

रस्त्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. जगनची मान त्या बाजूला वळली. मग तो उंबरा ओलांडून आत आला.

त्यानं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तापापासून सुरुवात केली. मला वाटलं, कढईपाशी आला की हा शब्द फिरवणार. त्याचा आवाज फाटला, तो थांबला, रडला, पण त्यानं शब्द फिरवला नाही.

मग फोनमधून शिवहार म्हणाला, "उभा ऱ्हाय आता. आधी निऱ्या."